भिंतीवरचा मोकळा दिवस

त्या सांजच्याला आमच्या ओसरीवर आमी चौघं हुतो. मी पारूबाई, माझा धाकटा दीर दत्ता, त्याची बायको मंगल, आन् लासुर्ण्याचा सलीमभाई, त्याचं सायकलीचं दुकान हाय. त्या चौघांतलं आता तिघं हाय. मला लिव्हाय येत न्हाय. दुसरी झाली आन् शाळा सुटली ती सुटलीच. म्हणून मी बोलती आन् मंगल लिवती. आपल्याच मालकाचं लिवायचं म्हंजी तिचा हात अडतो. ती थांबली की मी बी थांबती, चुलीतलं लाकूड जरा आत सारती… मग पुन्ना पुढं.

थंडी पडली हुती. हंगाम सुरू झाला की भवानीनगरच्या बाजूनं कारखान्याचा गोडसर, आंबूस वास येतो. तो कापडात शिरतो, हातरुणात शिरतो, भाकरीला सुदिक लागतो. कालव्यावरनं धुकं उठत हुतं आन् उसाच्या शेंड्यावर थांबत हुतं, जसं काय कुणी पांढरं धोतर वाळत घातलंय. दत्ता पायरीवर बसून पोटऱ्या चोळत हुता. सायकलीची शर्यत आठ दिवसांवं आली हुती. बारामतीवरनं इंदापूर, आन् इंदापूरवरनं परत बारामती. आमचं घर त्याच रस्त्याला, मधी.

"वैनी, उद्या काय हाय?" दत्तानं इचारलं.

"मोकळं."

"शर्यत आठ दिवसांवं आली आन् मोकळं?"

"मला कशाला इचारतोस? भिंतीला इचार."

सलीमभाई चहा पीत हुता, त्याला ठसका लागला. "दत्ताभाऊ, कारखान्यात तुमी सायबाचं ऐकत न्हाय म्हणं. हितं बरं ऐकताय."

"सायब लई तर पाळी बदलतोय," दत्ता म्हणला. "वैनी तर कालवणात मीठच टाकत न्हाय."

मग जरा वेळानं आवाज खाली आणून म्हणला, "वैनी, पाय आखडल्यात. सकाळी काळी सायकल घिऊन कालव्याच्या पुलापतुर जाऊन येतो. सावकाश."

"न्हाय म्हणा आक्का," मंगल बोलली. "ह्यांचं सावकाश मला ठावं हाय."

मी दत्ताच्या तोंडाकडं बघितलं. केस पिकल्याला, पन्नाशी उलटल्याला माणूस, पर मागायला लागला की तोंड सहा वर्साचं हुयाचं त्याचं. मी म्हणलं, "जा. पर गाणं म्हणत जायचं आन् गाणं म्हणत यायचं. दम लागून गाणं तुटलं तर ते सावकाश न्हाय."

"कंचं म्हणू?"

"कंचं बी म्हण. तुझा गळा ऐकून म्हशी दूध चोरत्यात. पर म्हण."

तेवढंच बोलणं झालं. जा मी म्हणलं. ते दुसऱ्या कुणी म्हणलं न्हवतं, हे मी आदी सांगून ठिवती, मग बाकीचं सांगती.

मी सतरा वर्साची हितं नांदायला आले तवा दत्ता पाच-सहा वर्साचा हुता. त्याची आई त्याला वाढवायच्या आदीच गेल्याली. लगीन लागलं त्या राती तो माझ्याच मांडीवर झोपला, मांडवातच. मग किती साल तो माझ्या कडंवर हुता त्याचा हिशेब न्हाय. एका बाजूला त्यो, दुसऱ्या बाजूला घागर. मला अजून कधी कधी डुलकी लागली की डाव्या कडंला वजन लागतं. जागी झाले की काय नसतं. मला मूल झालं न्हाय. त्यावर मी जास्ती बोलत न्हाय.

मालक गेलं तवा दत्ता आठवीत. उसाला पाणी पाजताना पान लागलं, साप चावला, दवाखान्यापतुर पोचलं न्हाईत. मग मी दुसऱ्याच्या फडावर ऊस तोडायला जायला लागले. मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, फळीवरनं ट्रकवर चढायचं, टाकायची, उतरायचं. दिवसभर. दत्ताची शाळा चार कोस लांब. मी पायातली जोडवी काढली आन् त्यातनं त्याला एक जुनी काळी सायकल घिऊन दिली. जोडवी तशी बी आता घालायची न्हवती. सकाळी तो मला मागं बसवून फडावर सोडायचा आन् तसाच शाळंला जायचा. धुक्यात रस्ता दिसत नसायचा. मी मागनं त्याच्या सदऱ्याला धरून बसायची, डोळं मिटून, आन् मला वाटायचं आमी कुठंच चाललो न्हाय, खालचा रस्ताच मागं सरकतोय. तेवढीच माझी झोप हुयाची.

तो शिकला, कारखान्यात फिटर म्हणून लागला, मंगल आली, एक लेक झाली, ती आता तिच्या घरी नांदती. काळी सायकल मातूर त्यानं इकली न्हाय. मग तीन साल झाली, सलीमभाईच्या दुकानात बारामतीची दोघं-तिघं सायकलवाली माणसं पंक्चर काढायला थांबली. दत्ता तितं बसल्याला. त्यानं एकाची सायकल एका बोटावर उचलून बघितली आन् तितंच त्याचं डोकं फिरलं. घरी येऊन म्हणला, "वैनी, कोंबडीपेक्षा हलकी हाय." म्हैन्याभरात सलीमभाईनं कुठनं तरी जुनी, पर तसलीच सायकल आणून दिली. पयल्यांदा ती तंग चड्डी घालून दत्ता ओसरीवर आला तवा मंगलनं आतनं दार लावून घेतलं. म्हणली, "गावातनं जाऊन मग माझ्याकडं येऊ नका." मी म्हणलं, "ते लुंगी तरी गुंडाळ रं, कालव्यापतुर. तितनं पुढं उसाशिवाय बघायला कोण न्हाय."

पयल्या साली तो नुसता सायकलच हाणत बसला. सकाळ, संध्याकाळ. मोरगावच्या रस्त्याला जायचा, तिकडं माळावर ज्वारी-बाजरीची रानं, तोंडावर वारा. पाळी सुटली की सायकल, पाळी लागायच्या आदी सायकल. घरात पाण्याची घागर उचलायचा न्हाय, म्हणायचा पायाची ताकद जाती. वाळून काटकी झाला. शर्यतीच्या दिशी मी रस्त्याच्या कडंला पाण्याचा तांब्या घिऊन उभी ऱ्हायले. जाताना तो भरारा गेला, हात केला. परत यायच्या टायमाला एक एक करून समदी गेली. तो न्हाय. मग शर्यतीच्या मागनं एक गाडी येती, जी माणसं थकून रस्त्यात बसत्यात त्यास्नी गोळा करत. त्या गाडीच्या टपावर मला त्याची सायकल दिसली. तो आत बसला हुता. मला बघून त्यानं मान दुसरीकडं फिरवली. मी तांब्या तसाच धरून उभी ऱ्हायले. घरी आल्यावर कळलं, पाय चांगलं हुतं, कंबर गेली. पाठ वाकून वाकून अशी धरली की सरळ हुईना, हातास्नी मुंग्या आल्या, बिरेक दाबता येईना.

गावात लोक काय सोडत्यात व्हय? "दत्तोबा, जाताना सायकल, येताना चारचाकी, झ्याक हाय की!" तो हसायचा. पर ओसरीवर आल्यावर हसायचा न्हाय.

दुसऱ्या साली त्याला कुणीतरी सांगितलं, ताकद कमी पडली. झालं. तेलाच्या दोन डब्यांत सिमेंट भरून, मधी नळी घालून त्यानं वजन बनवलं. रोज ते डोक्यावर उचलायचं. जोर, बैठका, दुधात बदाम. बैठका मारून मारून मांड्या अशा झाल्या की मंगलला सगळ्या पँटी उसवाव्या लागल्या. सायकल आठवड्यातनं एकदा. आन् शर्यतीच्या तीन दिवस आदी आमच्या गावची जत्रा. जत्रंत देवळाफुडं एक वाटोळा दगुड असतो, त्याला आमी गोटी म्हणतो. जो ती छातीवर घिऊन खांद्यावरनं मागं टाकंल त्याला फेटा. दत्ता गर्दीत उभा हुता. कुणीतरी बोललं, "सायकलवाल्याचं काम न्हाय हे." एवढं पुरलं. त्यानं एकदा न्हाय, तीनदा टाकली. फेटा बांधून, गुलाल लावून, वाजत घरी आला. मी ओवाळलं बी. शानी असते तर तवाच रडले असते. शर्यतीला त्याचं पाय भिजल्या पोत्यावानी झालं हुतं. ह्या टायमाला आमच्या घराच्या बराच जवळ आला म्हणं, पर आला गाडीतनंच. मान फिरवली. मी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं.

त्याला नंबर नको हुता, बक्षीस नको हुतं. कुणी इचारलं तर सांगायचा सुदिक न्हाय, पर मला ठावं हुतं. त्याला फकस्त आपल्या सायकलीवर बसून आमच्या दारावरनं परत जायचं हुतं. मी उभी हाय आन् तो माझ्या हातनं पाणी पितोय, एवढंच. ज्या बाईला त्यानं ल्हानपणी फडावर सोडलं, तिच्या फुडनं दोनदा दुसऱ्याच्या गाडीत बसून जावं लागलं, ते त्याला लागलं हुतं.

दुसऱ्या शर्यतीच्या राती तो जेवला न्हाय. मी म्हणलं, "दत्ता, तुला बैलाची जोड ठावं हाय का न्हाय? एक वढणारा, एक पळणारा. पयल्या साली तू पळणारा एकटाच जुपला. यंदा वढणारा एकटाच. जू वाकडं न्हाय हुणार तर काय हुणार?" मी म्हणलं, "आन् दोघांस्नी सोडून बांधायचा बी दिवस असतो. मी फडावर मोळ्या वाहिल्यात. रोज वाहिल्या की आठ-दहा दिवसांनी मान वळत न्हाय, मग तोडणारीच पडून ऱ्हाती. बाजाराच्या दिवशी आमी बसायचो म्हणून बाकीचं दिवस उभं ऱ्हायचो."

दुसऱ्या दिशी सलीमभाईला बोलवलं. त्याच्या मोबाईलात समदं हुतं, इंग्रजीत. त्यानं वाचून मराठीत सांगितलं. म्हणला, "काकी, ताकद पायजे, पर पैलवानाची न्हाय. कंबर, पाठ, आन् एक एक पाय येगळा. जोराची सायकल आन् वजन एकाच दिवशी उरकायचं, म्हंजी मोकळा दिवस खरोखरचा मोकळा ऱ्हातो. न्हायतर माणूस रोज अर्धा दमतो आन् पुरता कधीच इसावत न्हाय. शर्यत जवळ आली की वजन कमी करायचं, पर एकदम सोडायचं न्हाय."

"हे लक्षात कोण ठिवणार?" मंगल म्हणली. "ह्यांचा मोकळा दिवस म्हंजी गुपचूप जायचा दिवस."

"मी ठिवीन," मी म्हणलं.

ओसरीच्या आतल्या भिंतीवर मी मांडलं. बाजाराच्या दिवसापासनं एक ओळ सुरू करायची, सात जागा झाल्या की खाली दुसरी. सायकलीच्या दिशी कापडाला घालायच्या निळीचा ठिपका. जोराची असली तर दोन ठिपकं. ताकदीच्या दिशी त्याच्याच शेजारी गेरूची उभी रेघ. आन् मोकळ्या दिवसाला काय न्हाय. नुसती भिंत. दत्ता पयल्यांदा म्हणला, "वैनी, तितं फुली तरी मार, चुकून सुटल्यावानी दिसतंय." मी म्हणलं, "सुटलं न्हाय. ते बी कामच हाय. काय न करायचं काम."

रोज संध्याकाळी मी बोट बुडवायची आन् ठिपका द्यायची. वजनाच्या दिशी तो एका पायावर पायरी चढायचा, उतरायचा, दोन्ही हातांत पाण्यानं भरल्याल्या कळश्या. मला वीसापतुरच मोजता येतं, म्हणून मी ज्वारीचं दाणं एका वाटीतनं दुसऱ्या वाटीत टाकायची. तो लबाडी करायचा. "टाकला का दाणा? टाकला की. मी आयकला." "तू कळशीतलं पाणी सांडून हलकी करतोस ते आदी बघ," मी म्हणायची. सिमेंटचं वजन आता डोक्यावर न्हाय, वाकून जमिनीवरनं उचलायचं, पाठ सरळ ठिवून. ते मी त्याला शिकवलं. मोळी तशीच उचलायची असती. सलीमभाई म्हणला, मोबाईलात बी असंच दाखवलंय. मी म्हणलं, मोबाईल कुठल्या फडावर हुता?

दिवस असं जात ऱ्हायलं. मला त्या वर्साचं सरळ काय आठवत न्हाय, आठवतं ते भिंतीसारखं, ठिपक्या-ठिपक्यानं. पहाटं चेनीचा किरकिर आवाज अंगणातनं निघायचा आन् धुक्यात विरघळायचा. मी गोधडीत पडल्या पडल्या आयकायची. मग उजाडायचं, भाकरी व्हायच्या, आन् तोच आवाज उलटा यायचा, लांबनं जवळ. मधल्या येळात मी झोपेत असायची का जागी, सांगता येत न्हाय. कधी वाटायचं तो शाळंतनं येतोय. कधी वाटायचं मालक येत्यात. आवाज दारात थांबला की एकच माणूस उतरायचा, घामानं भिजल्याला, आन् म्हणायचा, "वैनी, ठिपका दे."

यंदा सलीमभाईनं बी शर्यतीला नाव दिलं हुतं. शर्यतीच्या तीन आठवडं आदी एका रविवारी दत्ता आन् सलीमभाई दोघंच निघालं. बारामतीला जाऊन, तितनं इंदापूर, इंदापूरवरनं परत. शर्यतीचा पुरा रस्ता. मागं गाडी न्हाय, कुणाला सांगितलं न्हाय. मंगलला आन् मला तेवढं ठावं. मी तांब्या भरून ठिवला. ऊन कलायला लागलं, मी रस्त्याच्या कडंला जाऊन बसले, मंगल माझ्या मागं उभी. ट्रॅक्टर जात हुतं, एसटी गेली, मेंढरं गेली. डोळ्यावर ऊन येत हुतं, समदा रस्ता पाण्यावानी हलत हुता. आन् त्या पाण्यातनं दोन सायकली आल्या. फुडं सलीमभाई, मागं दत्ता. मग दत्ता फुडं आला. पाठ सरळ. हात ढिलं. मी उठून उभी ऱ्हायले, तांब्या फुडं केला. त्यानं चालत्या सायकलीवरनं तो घेतला, अर्धं पाणी प्याला, अर्धं डोक्यावर वतलं, आन् तांब्या पाठीमागं मंगलच्या दिशेनं फेकला. तांब्याला पोचा पडला. थांबला न्हाय. थांबायचं न्हवतंच, बारामती गाठायची हुती. जाता जाता वरडला, "वैनी, गाडी आली का बघ मागं!"

मागं रस्ता मोकळा हुता. लांबपतुर.

लोकांना त्यो दोनदा गाडीत बसून आल्याला ठावं हाय. हे ठावं न्हाय. म्हणून सांगती. दत्ता इंदापूरला जाऊन परत आला, आपल्या पायानं, आपल्या सायकलीवर. मी बघितलंय. सलीमभाई संगं हुता. त्या दिवशी मी भिंतीवर दोन ठिपकं दिलं आन् मंगल म्हणली, "तीन द्या." मी तीन दिलं.

मग ती मोकळ्या दिवसाची सकाळ. अजून उजाडलं न्हवतं. शर्यतीची सायकल ओसरीवरच ऱ्हायली, तिचा दिवा तिलाच ऱ्हायला. डोक्यावरची ती टणक टोपी खिळ्याला ऱ्हायली. रोज सायकलीवर बसायच्या आदी घालायचा, एक दिवस चुकला न्हाय. पर आमी मोकळा दिवस म्हंजी समदंच मोकळं धरलं. माझ्या बी ध्यानात आलं न्हाय. पुलापतुर तर जायाचं, काळ्या सायकलीवर, सावकाश… मी आतनं म्हणलं, "गाणं?" आन् त्यानं सुरू केलं. तो आवाज अंगणातनं गेला, रस्त्याला लागला, वळणापतुर ऐकू आला. मग धुकं झालं.

पुलाच्या अलीकडं उसानं भरल्याली ट्रॉली उभी हुती. मागं दिवा न्हाय, लाल काय न्हाय. धुकं, ऊस आन् रस्ता एकाच रंगाचं. उसाच्या मागं लोखंडाची पट्टी बाहेर आल्याली, त्यो सरळ तिच्यावर गेला. दवाखान्यात नेईपतुर संपलं हुतं.

त्याला गाडीतनं आणला. मी दारात उभी हुते. ह्या टायमाला त्याची मान फिरल्याली न्हवती, माझ्याकडंच हुती.

रडायचं ते आमी रडलो. ते लिवू नको म्हणलं मंगलला.

आठव्या दिवशी शर्यत हुती. सुतक हुतं, तरी मी तांब्या घिऊन रस्त्याला उभी ऱ्हायले, तोच पोचा पडल्याला. सलीमभाई शर्यतीत हुता. जाणार न्हवता, मंगलनं धाडला. परत येताना तो थांबला, खाली उतरला, पाणी प्याला, आन् पुन्ना सायकलीवर बसून गेला. बाकीच्यांनी बी काहींनी वंजळ फुडं केली, मी वतत ऱ्हायले. समदी गेली. शेवटाला मागची गाडी आली. तिच्या टपावर सायकल न्हवती, आत कुणी न्हवतं. रिकामीच हळूहळू गेली माझ्या फुडनं. मी ती दिसंनाशी हुईपतुर बघत हुते.

दहाव्याला ट्रॉलीवाला आला. माझ्या धाकट्या भावाएवढा माणूस, इंदापूरकडचा. गावातली पोरं उठली त्याच्या अंगावर. मी म्हणलं, आत येऊ द्या. बसवलं. मंगलला म्हणलं, चहा ठिव. तिनं ठिवला. तो कप हातात धरून तसाच बसला.

"आई, आक्सल तुटला," तो म्हणला. "मागं दगुड ठिवलं हुतं, वाढ्याच्या, उसाच्या शेंड्याच्या, पेंढ्या ठिवल्या हुत्या. लाल काय न्हवतं माझ्याकडं. मी खाली जॅक लावत हुतो. लांबनं कुणीतरी गाणं म्हणत येतंय असं आयकलं. मला वाटलं, गाणं म्हणतोय म्हंजी निवांत हाय, बघंल… मी वरडलो, पर तवर…"

मी इचारलं, "कंचं गाणं हुतं?"

त्यानं मान खाली घातली. "कळलं न्हाय आई. सूर लईच वाईट हुता."

मला हसू आलं. दहा दिवसांत पयल्यांदा. आतनं मंगलचा बी आवाज आला, हसण्याचा का रडण्याचा ते तिचं तिला ठावं. तो माणूस घाबरून आमच्याकडं बघायला लागला. त्याला काय सांगणार? मला एवढंच पायजे हुतं. म्हंजी त्यानं माझं आयकलं हुतं. जोरात गेला न्हवता. गाणं तुटलं न्हवतं. पुलापतुर सावकाश, दम न लागता, मोकळ्या दिवसासारखाच चालला हुता. जा मी म्हणलं हुतं, ते माझं माझ्याजवळ ऱ्हाईल. पर सावकाश बी मी म्हणलं हुतं, आन् ते त्यानं शेवटपतुर पाळलं.

ट्रॉलीवाल्यानं चहा संपवला. जाताना मी त्याला पेटीतलं माझं लग्नातलं लाल लुगडं काढून त्याची एक पट्टी फाडून दिली. म्हणलं, "मागं बांध. कायमची." ते लुगडं किती सालं घडीतच हुतं. मालक गेल्यापासनं मला ते नेसायचं न्हवतं, आन् कुणाला द्यायला बी जीव हुईना. फाडताना आवाज मोठा झाला. मंगल धावत आली, मला बघितलं, आन् दुसरं टोक धरलं.

आता सव्वा म्हैना झाला. मंगलच्या भावानं चुना आणला हुता, घर पांढरं करूया म्हणला. मंगलनं ओसरीची आतली भिंत सोडून बाकीचं करून घेतलं. निळं ठिपकं हाय, गेरूच्या रेघा हाय, तो तीन ठिपक्यांचा रविवार हाय. शेवटच्या ओळीत ती एक जागा रिकामी हाय, जशी असायला पायजे तशीच. तिच्या पुढची समदी भिंत बी रिकामी हाय. येणारं-जाणारं म्हणत्यात, हितं काय न्हाय. मी म्हणती, हाय. पहाटं मला कधी कधी चेनीचा आवाज येतो, मी गोधडीत पडून ऱ्हाती, उठत न्हाय. उठलं की तो थांबतो.

हंगाम अजून सुरू हाय. उजाडलं की मी ओसरीवर पट्ट्या घिऊन बसती. सलीमभाई दुकानातनं चमकणारं रेडियम आणून देतो, तो त्याच्या हातानं ट्रॉलीच्या मागं चिकटवतो. काही ट्रॅक्टरवालं थांबत्यात. काही गाणं मोठं लावून निघून जात्यात.

हे जे कुणी वाचतंय, त्यास्नी माझं एक सांगणं हाय. तुमची, तुमच्या भावाची, तुमच्या शेजाऱ्याची ट्रॉली रस्त्यात बंद पडली, तर मागं दगुड ठिवा, पेंढ्या ठिवा, पर लाल काहीतरी बांधा. जवळ काय नसलं तर कालव्याच्या पुलाच्या अलीकडं, रस्त्याला लागून आमचं घर हाय. येळ बघू नका, हाक मारा. लुगडं अजून बरंच उरलंय. एक पट्टी न्या आन् मागं बांधा.